कोर्टात आलेल्या माणसाचा मान कसा राखावा: नव्या वकिलांसाठी आणि विधी स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

सनद मिळाल्यावर किंवा विधी सेवा प्राधिकरणाचे ओळखपत्र गळ्यात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत आपण अर्ज कसा लिहावा, कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यावा आणि न्यायाधीशांसमोर कसे उभे राहावे हे शिकतो. आपल्यासमोर बसलेल्या फिर्यादीशी, साक्षीदाराशी किंवा आरोपीशी कसे वागावे, हे मात्र स्वतंत्रपणे कोणी शिकवत नाही. ते ज्येष्ठांकडे पाहून उचलले जाते, आणि त्यात चांगल्याबरोबर वाईटही उचलले जाते.

फौजदारी न्यायालयांत आणि मोफत विधी साहाय्याच्या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की दुसऱ्याचा मान राखणे ही गोष्ट आपल्या स्वभावावर सोडून चालत नाही, ती कामाच्या पद्धतीतच बसवावी लागते. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, शंभर प्रकरणे असलेल्या दिवशी, संध्याकाळच्या सुमारास, कितीही मायाळू माणसाचा संयम सुटू शकतो. अशा वेळी हाताला लागलेली सवयच उपयोगी पडते. म्हणून पुढील पायऱ्यांत मी भावनेपेक्षा कृतीवर भर दिला आहे. कायद्याची कलमे जिथे दिली आहेत तिथे ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाची आहेत. त्याआधीच्या प्रकरणांत जुन्या कायद्यांचे क्रमांक दिसतील, याची खूणगाठ बांधून ठेवावी.

१. पहिल्या भेटीआधीची तयारी

भेटीची जागा आधी ठरवा. वकिलांच्या बार रूमच्या दारात किंवा जिन्यावर उभे राहून एखाद्या बाईला तिच्या नवऱ्याने केलेल्या मारहाणीविषयी विचारणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो बंद होण्यासारखा आहे, कारण बहुतेक न्यायालयांच्या आवारात विधी सेवा समितीची एखादी खोली असतेच. समोरच्याला खुर्ची द्या आणि तो बसल्याशिवाय स्वतः बसू नका. नाव विचारा, ते नीट उच्चारा, आणि वयाने, शिक्षणाने किंवा परिस्थितीने तो कितीही लहान वाटला तरी त्याला अहो-जाहो करा. हा नियम आरोपीलाही तितकाच लागू आहे. ठाण्यापासून कठड्यापर्यंत ज्याला सगळे जण ‘ए’ म्हणून हाक मारतात, त्याला पहिल्यांदा कोणी ‘बसा’ म्हटले की तो खरे बोलण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे.

सोबत पुढील गोष्टी ठेवाव्यात:

- स्वतंत्र वही, ज्यात प्रत्येक व्यक्तीचे पान वेगळे असेल आणि जी दुसऱ्या पक्षकाराच्या हाती पडणार नाही.
- पक्षकाराला देण्यासाठी कोरी चिठ्ठी, जिच्यावर पुढील तारीख, न्यायालयाचा क्रमांक, प्रकरण क्रमांक आणि आपला संपर्क मोठ्या अक्षरांत लिहिता येईल.
- सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) शोधण्यासाठी ई-कोर्टचे अ‍ॅप असलेला फोन.
- मोफत विधी साहाय्याचा कोरा अर्ज आणि १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक.

त्या व्यक्तीकडून पुढील कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात: ओळखपत्र, प्रथम खबर अहवालाची (एफआयआरची) प्रत असल्यास ती, आलेले समन्स किंवा नोटीस, वैद्यकीय कागद, जातीचे किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागू असेल तर ते. मूळ कागद शक्यतो स्वतःकडे ठेवू नका, आणि ठेवावेच लागले तर पोच लिहून द्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसाला तहसील कचेरीत पाठवण्याआधी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ एकदा वाचा. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे बळी आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. नसलेल्या अटीसाठी एखाद्याची मजुरी बुडवणे हासुद्धा अपमानच आहे.

सावधगिरी: कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही घेऊ नका, ‘नंतर भरून घेऊ’ असे कोणी सांगितले तरीही. वकीलपत्र असो वा शपथपत्र, आधी पूर्ण वाचून दाखवा आणि मग सही मागा. मोफत विधी साहाय्याच्या प्रकरणात पक्षकाराकडून झेरॉक्सच्या किंवा टायपिंगच्या नावाखाली पैसे घेणे हा गैरप्रकार आहे, आणि तसे कोणी मागितले तर तक्रार कुठे करायची हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा.

२. आधी ऐका, मग अर्ज भरा

पहिली काही मिनिटे पेन खाली ठेवून ऐकावे. छापील अर्जातील रकान्यांच्या क्रमाने प्रश्न विचारले की माणूस रकान्यापुरते उत्तर देतो आणि महत्त्वाची गोष्ट मागे राहते. ज्याच्यावर मोठा आघात झाला आहे त्याला घटना क्रमाने सांगता येतेच असे नाही. तो मधूनच सुरुवात करतो, पुढे-मागे जातो, एखादी किरकोळ वाटणारी गोष्ट तीनदा सांगतो. त्याला ‘मुद्द्याचे बोला’ म्हणून तोडू नका. सांगून झाल्यावर तारखा आणि क्रम तुम्ही लावा, आणि मग त्याला वाचून दाखवून विचारा, ‘मी बरोबर समजलो का?’

प्रश्न कसा विचारला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘तुम्ही तेव्हाच तक्रार का केली नाही?’ हा प्रश्न विरुद्ध बाजूचा वकील विचारणारच आहे, त्यामुळे त्याचे उत्तर आपल्याला हवे असते हे खरे; परंतु तोच प्रश्न ‘तक्रार करण्याआधीच्या दिवसांत काय काय घडले ते सांगाल का?’ असा विचारला तर उत्तरही अधिक भरीव मिळते आणि आरोपही होत नाही. आरोपीला भेटताना पहिलाच प्रश्न ‘केलंय का?’ असा टाकू नका. त्याला आधी त्याच्यावर नेमका काय आरोप आहे ते सांगा, वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राहते हे सांगा आणि मग त्याची बाजू ऐका. विधी स्वयंसेवकांनी इथे एक मर्यादा ओळखावी: वकिलाच्या संवादाला साक्ष कायद्याचे जे संरक्षण आहे ते आपल्याला आहेच असे गृहीत धरून आरोपीकडून घटनेचा तपशील काढून घेऊ नये, त्याची वकिलाशी भेट घडवून द्यावी.

नातेवाइकांना बाहेर बसवणे अवघड जाते, विशेषतः सोबत आलेला दीर, सासरा किंवा गावचा पुढारी ‘मीच सांगतो’ म्हणू लागतो तेव्हा. त्यांना आदराने सांगा की नियमाप्रमाणे काही वेळ एकट्याने बोलावे लागते. ‘नियम’ म्हटले की कोणाचा मान जात नाही आणि पक्षकारावरही ठपका येत नाही. सोबत आलेला माणूस हाच त्रास देणारा असू शकतो, हे नव्या माणसाला लवकर लक्षात येत नाही.

निकालाविषयी खात्री देऊ नका. ‘काळजी करू नका, सगळे व्यवस्थित होईल’ हे दिलासा देणारे वाटते, पण उलट निकाल लागल्यावर हेच वाक्य फसवणूक ठरते. पुढे काय घडणार आहे, साधारण कोणत्या क्रमाने आणि त्यात तुमच्या हातात काय आहे, एवढे प्रामाणिकपणे सांगणे पुरेसे असते.

३. पोलीस ठाण्यात सोबत जाताना

ठाण्यात तुमचे काम भांडणाचे नसते, हजर राहण्याचे आणि माहिती देण्याचे असते. ठाणे अंमलदारांशीही सभ्यतेने बोला. रात्रपाळी करून बसलेला तो माणूस सहसा कायदा मोडायला निघालेला नसतो. मात्र पुढील गोष्टी तुम्हाला पाठ असल्या पाहिजेत.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी नोंदवावी लागते, तेव्हा ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नका. खबर वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला विनामूल्य मिळाली पाहिजे. लैंगिक गुन्ह्यातील पीडित स्त्रीची खबर महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, आणि अशा गुन्ह्यातील पीडित व्यक्ती अपंग असेल तर ती तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी दुभाष्याच्या अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवली जाते. कलम १७९ नुसार स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही. त्यांची स्वतःची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. ही तरतूद इतकी साधी आहे, तरीही म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलेले आजही दिसते, आणि बहुतेक वेळा तिथे हे कलम कोणी उच्चारलेलेच नसते.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवणे कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी लेखी विचारणा करा, कारण ‘आमच्या केसचे काय झाले ते कोणी सांगतच नाही’ ही फिर्यादींची सर्वात मोठी तक्रार असते आणि ती अगदी रास्त आहे.

४. कोठडीतील व्यक्तीला भेटताना

कोठडीतील माणसाचे सगळे काही दुसऱ्यांच्या हातात गेलेले असते, म्हणून इथे आपली जबाबदारी सर्वाधिक असते. त्याला अटकेची कारणे कळली आहेत का, हा पहिला प्रश्न. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच हा हक्क आहे. आणि ती कारणे लेखी व त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली गेली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. घरी कळवले आहे का, हा दुसरा प्रश्न. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला माहिती, वैद्यकीय तपासणी आणि वकिलाची भेट या गोष्टी आता संहितेतच आल्या आहेत, त्यामुळे त्या मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न मारहाणीचा, आणि तो एकांतात विचारावा. १९८३ च्या शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाचा उगम मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाविषयी एका पत्रकाराने सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रात होता. त्या निकालानुसार समोर आणलेल्या प्रत्येक अटक व्यक्तीला ‘तुमची छळाची किंवा गैरवागणुकीची काही तक्रार आहे का?’ असे दंडाधिकाऱ्यांनी विचारायचे असते. गर्दीच्या न्यायालयात हा प्रश्न घाईने विचारला जातो, आणि मारहाण करणारा शेजारीच उभा असल्याने उत्तर ‘नाही’ असे येते. म्हणून पुकारा होण्याआधी पाच मिनिटे तरी त्या व्यक्तीशी बोला, आणि तक्रार असेल तर ती लेखी अर्जाने मांडा.

बेड्यांविषयीही लक्ष असू द्या. सरसकट बेड्या घालणे अमानुष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रेम शंकर शुक्ला खटल्यात १९८० मध्येच म्हटले होते. नव्या संहितेच्या कलम ४३ ने काही ठरावीक गुन्ह्यांत आणि सराईत गुन्हेगारांच्या बाबतीत गुन्ह्याचे स्वरूप पाहून बेड्यांना परवानगी दिली आहे, परंतु ती सर्वांसाठी नाही. रुग्णालयात खाटेला साखळीने बांधून ठेवलेल्या एका आरोपीच्या प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने हा अनुच्छेद २१ चा भंग असल्याचे सांगितले.

तुरुंगात भेटीला जाताना जामिनाच्या स्थितीबरोबर घरची खबरही न्या. मुलगी शाळेत जाते का, आईची तब्येत कशी आहे, एवढ्याने माणसाला बळ येते. कच्च्या कैद्यांच्या बाबतीत कलम ४७९ चा हिशेब करून ठेवा: पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल तर सुटकेचा प्रश्न उभा राहतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही.

५. तारखेचा दिवस

न्यायालयात माणसाचा सर्वाधिक अपमान कुठे होतो असे मला कोणी विचारले, तर मी बाहेरच्या व्हरांड्याकडे बोट दाखवीन. सकाळची पहिली एसटी पकडून आलेला साक्षीदार अकरा वाजल्यापासून उभा असतो, आपले प्रकरण बोर्डावर कितवे आहे हे त्याला माहीत नसते, नैसर्गिक विधीसाठी बाजूला गेलो आणि नेमका पुकारा झाला तर वॉरंट निघेल या भीतीने तो जागचा हलत नाही, आणि संध्याकाळी त्याला एवढेच कळते की पुढची तारीख पडली. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात साक्षीदारांच्या याच हालांचे वर्णन केले होते: बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, दिवसभर थांबून शेवटी तहकुबी. इतक्या वर्षांनंतरही त्यातले फारसे बदललेले नाही, आणि याचा दोष केवळ व्यवस्थेवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण तहकुबी मागणारे आपणच असतो.

म्हणून आदल्या संध्याकाळी ई-कोर्टवर बोर्ड पाहा आणि पक्षकाराला किंवा साक्षीदाराला फोन करा. प्रकरण चालणार नाही हे आधीच ठाऊक असेल, उदाहरणार्थ न्यायाधीश रजेवर असतील, तर दूरवरून येणाऱ्या पक्षकारासाठी हजेरीमाफीचा अर्ज देता येतो का ते पाहा; मात्र ज्याला समन्स निघालेले आहे त्याला आपल्या अधिकारात ‘येऊ नका’ असे सांगू नका, कारण त्याचा परिणाम त्याला भोगावा लागेल. न्यायालयात पोहोचल्यावर त्याला बसण्याची जागा, पाणी आणि स्वच्छतागृह दाखवा, पुकारा करणाऱ्या शिपायाशी त्याची ओळख करून द्या आणि दर तासाला एकदा जाऊन स्थिती सांगा. ‘अजून आपला नंबर आलेला नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर येईल असे दिसते’ या वाक्याला दहा सेकंद लागतात, आणि त्यामुळे समोरच्याला आपण विसरले गेलेलो नाही हे कळते. फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर बसणार नाहीत याचीही काळजी घ्या; साक्षीदाराला धमकी मिळते ती पुष्कळदा याच व्हरांड्यात.

कलम ३४६ इथे कामाचे आहे. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय त्याची साक्ष न घेता तहकुबी देऊ नये, आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. समोरच्या वकिलाने तहकुबी मागितली तर साक्षीदार किती दुरून आला आहे हे न्यायालयाच्या निदर्शनास आणा आणि त्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) घ्यायला सांगा. साक्षीदाराचा वाजवी खर्च देण्याचा आदेश न्यायालय कलम ३५० खाली देऊ शकते. साक्षीदार तो मागत नाही, कारण तो मागता येतो हेच त्याला माहीत नसते, तेव्हा अर्ज तुम्ही द्या.

६. साक्ष आणि उलटतपास

साक्षीच्या दिवसाआधी साक्षीदाराला शक्य असल्यास रिकामे न्यायालय दाखवा. न्यायाधीश कुठे बसतात, आरोपी कुठे उभा असेल, टंकलेखक कोण, शपथ कशी घेतात, आधी सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) आणि मग उलटतपास (विरुद्ध बाजूचे प्रश्न) कसा होतो, हे सर्व सांगा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणता येते, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणता येते, पाणी मागता येते, बसायची परवानगी मागता येते, हेही सांगा. इथे एक रेषा कधीही ओलांडू नका: कार्यपद्धती समजावणे हे आपले कर्तव्य आहे, उत्तरे पढवणे हा अपराध आहे. पढवलेला साक्षीदार उलटतपासात उघडा पडतो, आणि लाज त्याच्या वाट्याला येते, पढवणाऱ्याच्या नव्हे.

बोलीचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. अहिराणी, गोंडी, कोरकू किंवा मालवणी बोलणारा माणूस आपल्या शब्दांत सांगतो, ते ऐकणाऱ्याच्या प्रमाण मराठीत उतरते, आणि उतरताना ‘ढकलले’चे ‘मारले’ होते किंवा ‘सांजच्या पारी’चे थेट ‘सात वाजता’ होते. पुढे हाच फरक साक्षीदाराच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून मांडला जातो. कलम ३१२ नुसार साक्ष शक्य असेल तेव्हा साक्षीदाराच्याच भाषेत नोंदवता येते, आणि कलम ३१३ नुसार नोंदवलेली साक्ष त्याला वाचून दाखवून दुरुस्त करायची असते. घाईत हे वाचन टाळले जाते. ते टाळू देऊ नका. साक्षीदाराच्या बोलीवर न्यायालयात हसू उमटले तर त्या हसण्यात सामील होऊ नका, आणि तुमचा कनिष्ठ हसला तर बाहेर आल्यावर त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

आता उलटतपास घेणाऱ्या नव्या वकिलांसाठी. आरोपीचा बचाव जोरकसपणे करणे हे तुमचे कर्तव्यच आहे आणि त्यात कसर ठेवू नये, कारण आरोपीचा मान राखण्याचा तोच मार्ग आहे. परंतु आवाज चढवणे, तोच प्रश्न चार वेळा विचारणे, साक्षीदाराच्या कपड्यांवर, शिक्षणावर किंवा चारित्र्यावर शेरे मारणे यांचा बचावाशी काही संबंध नसतो. साक्ष्य अधिनियमाची कलमे १५४ आणि १५५ असभ्य, बदनामीकारक, तसेच अपमान करण्याच्या किंवा डिवचण्याच्या हेतूने विचारलेल्या प्रश्नांना मनाई करतात, आणि बलात्काराच्या खटल्यात संमतीचा मुद्दा सिद्ध करण्यासाठी पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. मी पाहिलेले सर्वात परिणामकारक उलटतपास शांत आवाजातले होते. छोटे प्रश्न, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि साक्षीदाराला उत्तर पूर्ण करू देण्याची तयारी, एवढ्यावर कितीतरी खोटे जबाब कोसळलेले आहेत.

बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम ३३ ने वकिलाला थेट प्रश्न विचारण्याची मुभाच ठेवलेली नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते बालकाला विचारतात. बालकाला वारंवार विश्रांती द्यायची, पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलवायचे नाही आणि आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही, असेही त्या कायद्यात आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात, जिथे पीडिता कर्णबधिर होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये अशा साक्षीदारांची व्याख्या अधिक व्यापक केली. तुमच्या जिल्ह्यात असे केंद्र असेल तर साक्षीआधीच अर्ज करा. साक्षीदाराला धोका असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, आणि कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे भाग पाडले आहे.

७. जात, लिंग आणि अपंगत्व

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-क प्रत्येक नव्या वकिलाने वाचावे. पीडित व्यक्तीला न्यायाने, आदराने आणि प्रतिष्ठेने वागवले पाहिजे, आणि तिच्या वयामुळे, लिंगामुळे, शिक्षणाअभावी किंवा गरिबीमुळे निर्माण होणाऱ्या गरजांची दखल घेतली पाहिजे, असे तिथे कायद्याच्याच भाषेत लिहिलेले आहे. प्रवासखर्चाचा आणि सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्कही त्यातच आहे. अशा प्रकरणात फिर्यादीला ‘गावात राहायचे आहे ना, मिटवून टाका’ असा सल्ला देणारे खूप भेटतात. तुम्ही त्यांत असू नका.

तृतीयपंथी व्यक्तीला तिचे नाव आणि संबोधन विचारा आणि तेच वापरा. चाकाच्या खुर्चीवरील पक्षकाराचे प्रकरण वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावर सुनावणीची विनंती करा; अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १२ चा त्याला आधार आहे. दृष्टिहीन व्यक्तीला कागद वाचून दाखवताना मधला मजकूर गाळू नका.

८. ओळख, छायाचित्रे आणि मोबाइल

लैंगिक गुन्ह्यातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. वकिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मार्गदर्शन मागताना प्रथम खबर अहवालाचे छायाचित्र नावासकट टाकणे, शिबिराच्या अहवालात लाभार्थी बाईचा फोटो छापणे, शाळेच्या आणि गल्लीच्या नावासह घटना सांगणे, या सगळ्या वाटांनी ओळख बाहेर पडते. स्वयंसेवकांनी मदत केल्याचा पुरावा म्हणून छायाचित्र मागितले जात असेल तर वरिष्ठांना नम्रपणे नकार द्या आणि त्याऐवजी प्रकरण क्रमांक व दिनांक यांची नोंद द्या.

९. निकालानंतर

निकाल लागला की वकील पुढच्या प्रकरणाकडे वळतो, आणि पक्षकार दारात उभा राहून विचारत राहतो की नेमके काय झाले. त्याच दिवशी त्याला बाजूला बसवून, निकालाचा अर्थ साध्या शब्दांत सांगा. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत कलम ४०४ नुसार विनामूल्य मिळते, आणि अपिलाची मुदत त्याला तोंडी न सांगता चिठ्ठीवर तारखेसह लिहून द्या. निर्दोष सुटका, कमी गुन्ह्याखालील शिक्षा किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येते, हे कलम ४१३ च्या परंतुकात आहे. सरकार अपील करील म्हणून वाट पाहत बसण्याची तिला सक्ती नाही.

भरपाईसाठी निकालाची वाट पाहावीच लागते असे नाही. कलम ३९६ खालील पीडित भरपाई योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, आणि महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. अर्जासोबत प्रथम खबर अहवालाची प्रत, वैद्यकीय कागद, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील जोडा, पोच घ्या, आणि ती पोच पक्षकाराच्या हातात द्या. आपल्याकडे राहिलेले त्याचे मूळ कागद त्याच वेळी परत करा, जप्त मुद्देमालात त्याची दुचाकी, दागिने किंवा फोन असेल तर ते सोडवण्याचा अर्ज करा, आणि वहीतील त्याच्या पानावर कोणता कागद कधी परत दिला याची त्याच्या सहीने नोंद करून घ्या.